न जळणारी वात

चंद्रभागेच्या देवघरातला दिवा साऱ्या आळीला ठाऊक होता. हुबळीत दुर्गदबैल बाजाराच्या मागच्या अंगाला, धान्याच्या वखारी संपतात तिथं ती आळी होती. चातुर्मास लागला की बायका हळदीकुंकवाला म्हणून यायच्या, आणि देवाला हात जोडायच्या आधीच त्यांची नजर दिव्याकडे जायची. त्या दिव्यातलं तेल सरायचं, ज्योत वाऱ्याबरोबर डुलायची, पण वात काही कमी व्हायची नाही. देवशयनी एकादशीला लावलेली वात कार्तिकीला काढावी, तर तेवढीच्या तेवढी.

"हा कसला गं दिवा तुझा?" शेजारची यमुनाक्का दरवर्षी एकदा तरी म्हणायचीच. "वात जळंना, काजळी धरंना. देवाला तू दिलंस तरी काय मग? नुसतं तेल?"

चंद्रभागा हसून तिच्या कपाळाला कुंकू लावायची. यमुनाक्काच्या बोलण्यात थोडा हेवा आहे हे तिला कळायचं, आणि त्या हेव्याचं थोडं सुखही वाटायचं. मग त्या सुखाबद्दल ती देवाची मनातल्या मनात क्षमा मागायची.

ती मूळची अळणावरकडची, रानाच्या कडेच्या खेड्यातली. सत्तावन साली लग्न होऊन हुबळीला आली. नवरा सटवाजी सुताच्या गिरणीत बॉयलरवर होता. दोन वर्षांनी लक्ष्मण झाला, तो अगदी मूठभर. श्वास घेताना पोराच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या, गळ्यातून पाव्यासारखी बारीक शीळ यायची. वैद्य झाले, सरकारी दवाखाना झाला. शेवटी चंद्रभागेनं देवापुढे पदर पसरला. चातुर्मासात नंदादीप ठेवीन, एक क्षण विझू देणार नाही, माझ्या लेकराचा श्वास तेवढा चालू ठेव.

बोलणं सोपं, पण कापसाची वात दोन-चार तासांत काळी पडायची. टोकाला काजळीचं फूल धरायचं, ज्योत बसायची, आणि पाळण्यातल्या पोराशी जरा डोळा लागला की दिवा गेलेला असायचा. मग ती काडी ओढायची आणि दिव्याच्या आधी पाळण्याकडे धावायची. पोराच्या नाकाशी बोट धरून बघायची.

सटवाजी हे सगळं बघत होता. तो बोलणारा माणूस नव्हता. एक दिवस पाळीहून आला आणि भाकरीच्या फडक्यातून हातभर लांब, जाड दोरी काढून त्यानं तिच्यापुढे ठेवली. पांढरी, मऊ, रेशमासारखी किंचित चमकणारी.

"ही बघ, जळत न्हाई," तो म्हणाला.

बॉयलरच्या नळ्यांना ही गुंडाळायची असते, म्हणजे वाफेचा ताप बाहेर येत नाही, असं त्यानं सांगितलं. गिरणीतली कन्नड माणसं तिला कल्नारू म्हणायची. कल्लू म्हणजे दगड आणि नारू म्हणजे धागा. डोंगराच्या पोटात दगडाच्या शिरेत हा धागा सापडतो, तो पिंजून त्याची दोरी वळतात, कापड विणतात. साहेब लोक त्याला ॲस्बेस्टॉस म्हणायचे. चंद्रभागेला यातलं काहीच खरं वाटेना. तेव्हा सटवाजीनं दोरीचा एक तुकडा तोडून शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकला. तुकडा लाल झाला, निखाऱ्याशी एकजीव दिसू लागला. आता राख होईल म्हणून ती बघत राहिली. त्यानं चिमट्यानं तो उचलून फरशीवर ठेवला, तर निवाल्यावर पांढरा शुभ्र. आधीपेक्षाही पांढरा.

चंद्रभागेनं त्या तुकड्याला नमस्कार केला. दगडाचा कापूस करणारा देव, मग त्याला एका पोराच्या छातीत वारा घालणं काय अवघड, असं तिच्या मनात आलं. त्या दिवशी तिनं पहिली वात वळली, आणि त्या चातुर्मासात दिवा विझला नाही. लक्ष्मण कार्तिकीपर्यंत बाळसं धरून पाळण्यात लाथा झाडू लागला.

तेव्हापासून तो नेमच झाला. देवशयनीच्या आदल्या दिवशी, दशमीला, सकाळी आंघोळ करून, सोवळं नेसून ती अंगणात उन्हाच्या पट्ट्यात बसायची. गेल्या वर्षीची तेलानं मळलेली वात शेगडीत घालायची. ती पांढरी होऊन आली की वर बसलेली राख फुंकून उडवायची आणि ती वात देव्हाऱ्यात मागे जपून ठेवायची. मग दोरीचा नवा तुकडा बोटांनी पिंजायचा, पीळ सोडवून तंतू मोकळे करायचे, बारीक कचरा फुंकरीनं घालवायचा, आणि मांडीवर घासून नवी वात वळायची. हे करताना ती ओठांत नाव घेत असायची. पिंजताना त्या उन्हाच्या पट्ट्यात बारीक बारीक काही चमकत तरंगायचं. कापसाचे कण दिसतात तसे नव्हेत, त्याहून कितीतरी सूक्ष्म. चांदीची धूळ म्हणावी अशी ती धूळ खाली बसायलाच तयार नसायची. ती त्या धुळीकडे बघत राहायची. तिला ते दर्शन वाटायचं.

रोजची धूळ वेगळीच होती. सटवाजीचे खाकी कपडे संध्याकाळी पीठ सांडल्यासारखे पांढरे असायचे. ती ते आधी अंगणात झटकायची, मग दगडावर आपटायची. गिरणीच्या धुळीला देवपण नव्हतं, तिनं तिच्याबद्दल कधी विचारही केला नाही.

सटवाजी एक्याऐंशी साली गेला. छातीत पाणी भरलं होतं. डॉक्टरांनी सुई घालून काढलं, ते परत भरलं. क्षयाची औषधं दिली, लागू पडली नाहीत. जाण्याआधी महिनाभर तो बसूनच झोपायचा. त्यानं वेळोवेळी आणलेली दोरी मेणकापडात गुंडाळून फळीवर ठेवलेली होती. ती पुढच्या कितीतरी चातुर्मासांना पुरणार होती. चंद्रभागा म्हणायची, माणूस गेला, पण माझ्या दिव्याची तजवीज करून गेला.

मग दहाएक वर्षांनी तिचा स्वतःचा श्वास कमी पडू लागला.

पहिल्यांदा ते स्तोत्र म्हणताना कळलं. तिन्हीसांजेला ती देवीचं स्तोत्र म्हणायची, एका श्वासात एक श्लोक, लहानपणापासूनची सवय. आता श्लोकाच्या मध्येच श्वास संपायचा आणि अक्षर तोंडात अडकून राहायचं. ती दचकायची. वय झालं, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण पुढे नळावरून घागर आणताना उंबऱ्यापाशी थांबावं लागू लागलं. पायरी चढली की छातीला पट्टा आवळल्यासारखं व्हायचं. श्वास घ्यायला गेलं तर तो अर्ध्यावर येऊन टेकायचा, पुढे जागाच नसल्यासारखा.

लक्ष्मणचं आता लोखंडी सामानाचं छोटं दुकान होतं. तेहतीस वर्षांचा धिप्पाड गडी, खिळ्यांची पोती खांद्यावर टाकायचा. त्याची बायको शालिनी धारवाडची, सुभाष रोडवरच्या कापडवाल्याची मुलगी. तिला पाचवा महिना होता. घरात बऱ्याच वर्षांनी पाळणा हलणार होता. म्हणून चंद्रभागेनं त्या वर्षी ठरवलं की दिव्याचा नेम सुनेच्या हाती द्यायचा. आपला श्वास काही धड नाही, आणि येणाऱ्या लेकरासाठी त्याच्या आईनंच दिवा ठेवलेला बरा. पिंजायचं कसं, वळायचं कसं, हे दशमीला आपण तिला शेजारी बसवून शिकवायचं. शालिनीला फार आनंद झाला होता. लग्न होऊन आल्यापासून ती त्या दिव्याकडे टक लावून बघत आली होती.

पण लक्ष्मणनं नेमकं त्याच दशमीला आईला कोप्पीकर रोडवरच्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. फोटो आदल्या आठवड्यात काढून झाला होता. नंबर आज मिळाला होता, टाळून चालण्यासारखं नव्हतं. दुपारपर्यंत येते, मग वात करू, असं ती सुनेला सांगून निघाली. वाटेत लक्ष्मणला वडिलांच्या, अप्पांच्या, छातीतलं पाणी आठवत होतं.

डॉक्टर म्हणजे पन्नाशीच्या, शांत, बारीक आवाजाच्या बाई होत्या. कन्नडमधून बोलत होत्या. त्यांनी काळी फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली. चंद्रभागेनं आपली छाती आतून पहिल्यांदाच पाहिली. बरगड्यांची कमान, मधे हृदयाची सावली, दोन्हीकडे काळोख. तो काळोख म्हणजे हवा, असं बाई म्हणाल्या. आणि त्या काळोखाच्या कडेला, बरगड्यांच्या आतून आणि खाली छाती-पोटामधल्या पडद्याच्या घुमटावर, पांढऱ्या रेघा होत्या. चुन्याची बोटं ओढावीत तशा. डाव्या बाजूला तर नुसती रेघ नव्हती, पांढरी जाड साय धरली होती.

हा क्षय नाही, आज तरी कर्करोगही नाही, असं बाईंनी आधी सांगितलं. लक्ष्मणनं खुर्चीची कड सोडली. मग त्यांनी विचारलं, अज्जी कधी कारखान्यात होत्या का? नाही. घरावर सिमेंटचे पत्रे कापले होते का? नाही. यजमान काय करायचे? गिरणीत बॉयलरवर, असं लक्ष्मणनं सांगितलं. त्यांचे कपडे कोण धुवायचं, असं बाईंनी विचारलं. मीच, असं चंद्रभागा म्हणाली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. घाई केली नाही. फुप्फुसाभोवती एक आवरण असतं, दोन पदरांचं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. एक पदर फुप्फुसाला लागून, दुसरा बरगड्यांना लागून, मधे थेंबभर ओलावा. म्हणून श्वास आवाज न करता सरकतो, जन्मभर. गिरणीतून त्यांच्या कपड्यांवर यायची ती धूळ फार बारीक, केसाच्या शंभराव्या हिश्शाहून बारीक सुया. श्वासाबरोबर त्या फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि काही काही थेट त्या पदरापर्यंत पोचतात. शरीराच्या रक्षक पेशी त्यांना गिळायला धावतात. साधी धूळ असती तर त्यांनी पचवली असती. ही पचत नाही, कुजत नाही, विरघळत नाही. पेशीच मरतात. पुन्हा नव्या येतात. असं वर्षानुवर्षं चालतं. शेवटी शरीर काय करतं, तर ज्याला नष्ट करता येत नाही त्याच्याभोवती व्रण बांधतं. थरावर थर. त्यात पुढे चुना बसतो. मऊ पदर कडक होतो, पसरायचा थांबतो, आणि श्वासाला जागा उरत नाही. हे सगळं व्हायला वीस-तीस वर्षं लागतात.

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या आत हे चाललं होतं," चंद्रभागा म्हणाली, "आणि मला पत्ताही नाही."

तिच्या आवाजात भीती कमी होती. ती त्या पांढऱ्या रेघांकडे बघत होती. रोज सकाळी ती देवाला कापसाचं वस्त्र करायची, थराला थर लावून, मधे कुंकवाची बोटं. आपल्या नकळत आपल्याच देहात कुणीतरी असंच बसून वस्त्र विणत होतं, दुखऱ्या जागेवर घालायला, दिवसरात्र, न थकता. तिनं नकळत हात जोडले. बाईंनी ते पाहिलं.

व्रण झालेला परत जाणार नाही, हे त्यांनी लपवलं नाही. चढ हळू चढायचा, श्वासाचे व्यायाम करायचे, दरवर्षी फोटो काढायचा, कारण त्या सुया जिथं गेल्या तिथं पुढे काही वाईट उपजू शकतं. अप्पांचं पाणी त्यातलंच असावं, पण आता सांगता येणार नाही. आणि घरात त्यांचे जुने कपडे, गिरणीतलं काही सामान असेल तर कोरडं हलवायचं नाही, झटकायचं नाही. पाण्यानं चिंब करायचं, पिशवीत घट्ट बांधायचं, खोल पुरायचं.

कपडे कधीच बोहारणीला दिले, असं लक्ष्मण म्हणाला. चंद्रभागेनंही मान डोलावली. तिच्या डोळ्यांपुढे खाकी कपडे होते, अंगणातलं झटकणं होतं. तेवढंच. वात तिच्या मनातही आली नाही. वात देवाची होती. ती गिरणीचं सामान कशी असेल?

रिक्षा दुर्गदबैलच्या हातगाड्यांमध्ये बराच वेळ अडकली. तिला खरं म्हणजे हलकं वाटत होतं. नाव तरी कळलं. जे व्हायचं ते तीस वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं, त्याला आता कोण काय करणार. घरी जाऊन शालिनीला वात शिकवायची होती.

दारातून आत आली तेव्हा अंगणात उन्हाचा पट्टा पडला होता. त्या पट्ट्यात सून बसली होती, पोटामुळे पाय जरा पसरून. सासूला दमवायचं नाही म्हणून तिनं आधीच सगळी तयारी केली होती. आंघोळ करून धूत वस्त्र नेसली होती. फळीवरचं मेणकापड उतरवलं होतं, पण अजून सोडलं नव्हतं. शेगडी फुलवली होती, आणि गेल्या वर्षीची वात निखाऱ्यात घातली होती. चंद्रभागा उंबऱ्यावर श्वास घ्यायला थांबली.

निखाऱ्यात वात लाल झाली होती. शालिनीनं चिमट्यानं ती उचलून ताटलीत ठेवली. लाल उतरत गेलं आणि खालून पांढरं उगवलं. किती वेळा पाहिलं होतं तिनं हे. दर वेळी अंगावर काटा यायचा. आजही आला.

"बघा आत्याबाई," शालिनी कौतुकानं म्हणाली, "अग्नीलासुद्धा पचत न्हाई."

पचत नाही. तासाभरापूर्वीच कुणीतरी हाच शब्द म्हटला होता. पेशी गिळायला धावतात आणि ती पचत नाही. चंद्रभागेला उजेडाची पाटी दिसली, पांढऱ्या रेघा दिसल्या, आणि त्यांच्यावर हा उन्हाचा पट्टा, त्यात तरंगणारी ती चांदीची धूळ, जिचं ती दर दशमीला दर्शन घेत आली होती. शालिनीनं ताटली तोंडाजवळ आणली होती. राख उडवायला तिनं गाल फुगवले होते.

"शाले, फुंकू नको."

आवाज मोठा निघाला नाही, तेवढा श्वासच नव्हता. पण त्यात असं काही होतं की शालिनीचा श्वास तिथंच थांबला. तिनं ताटली हळूच खाली ठेवली.

"काय झालं? माझं काही चुकलं का?"

चंद्रभागा भिंतीला धरून खाली बसली. मागून लक्ष्मण आला. त्यानं आईकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, आणि त्याला सांगावं लागलं नाही. तो तसाच न्हाणीत गेला आणि ओला टॉवेल घेऊन आला. तिनं त्याला थांबवलं. मी करते, असं ती म्हणाली. सुनेला आत जायला सांगितलं. मग नाकाला पदर बांधून तिनं तांब्यातलं पाणी आधी ताटलीत हळूहळू सोडलं, मग देव्हाऱ्यामागं जपलेल्या जुन्या वातींवर आणि मेणकापडाच्या गुंडाळीवर. दोरी पाणी पिऊन जड झाली, राखाडी दिसू लागली. इतक्या वर्षांत तिनं ती कधी ओली पाहिलीच नव्हती.

लक्ष्मण म्हणाला, दिव्याची वस्तू आहे, उणकलच्या तळ्यात सोडून येतो. तिनं नको म्हटलं. पाण्याचं काय, तळं आटलं की हे पुन्हा वर यायचं. हे दगडाचं आहे, मातीतून आलंय, मातीतच खोल जाऊ दे. त्यानं दोन पिशव्यांत बांधून परसात कमरेइतका खड्डा काढला, आणि वर सिमेंट ओतलं. ओतत असताना एकदा त्यानं हात थांबवला.

"आई, तू हे माझ्यासाठी वळत होतीस ना?"

हा माणूस एकेकाळी मूठभर होता, त्याच्या नाकाशी आपण बोट धरत होतो, हे चंद्रभागेला आठवत होतं. आता खणून तो घामानं निथळला होता आणि त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पुरती वर, पुरती खाली, कुठंही न अडता. ती बघतच राहिली.

"तुझा श्वास मागितला होता," ती शेवटी म्हणाली. "तो दिला त्यानं. बाकीचं मी काय हिशेब धरू?"

पण उद्या एकादशी होती. शालिनीनं दाराआडून ते हळूच विचारलं. वात नाही तर दिव्याचं काय? नेम मोडायचा? पोटावर ठेवलेला तिचा हात जरा घट्ट झालेला चंद्रभागेला दिसला. तिची भीती तिला अगदी ओळखीची होती. काडी ओढून पाळण्याकडे धावणाऱ्या पोरीची ती भीती होती.

तिनं सुनेला जवळ बसवलं आणि कपाटातून साधा कापूस काढला. सरकी काढलेला, वस्त्राला ठेवलेला. दिवा विझेल, असं तिनं सरळ सांगितलं. दिवसातून दोनदा विझेल, चारदा विझेल. विझला की लावायचा. तुला डोळा लागला तर मी आहे, मला लागला तर तू. तेवढं देवाला समजतं. हे म्हणताना मधे तिला दोनदा थांबावं लागलं.

शालिनीनं पहिली वात वळली ती फार सैल झाली. दुसरी बरी झाली.

एकादशीला सकाळी दिवा लागला. यमुनाक्का नेहमीप्रमाणे हळदीकुंकवाला आली आणि देवाआधी दिव्याकडे बघून थबकली. वातीच्या टोकाला काळं फूल धरलं होतं.

"अगं बाई," ती म्हणाली, "तुझी वात जळायला लागली की गं."

चंद्रभागा देव्हाऱ्यापुढे बसली होती. स्तोत्राचा श्लोक अर्ध्यावर आला होता. ती थांबली, उरलेला श्वास घेतला, श्लोक पुरा केला, आणि मग सुईनं काजळी झाडून वात जरा पुढे सारली.

"होय अक्का," ती म्हणाली. "जरा तिच्याजवळ बस. मला चहा टाकायचाय."